सुटका झाल्याचं उदाहरण आहे की
खोल समुद्रात अडकलेल्या पाणबुडीतून आजवर कुणी जिवंत वर आलंच नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. १९७३ ची पायसीझ ३ या छोट्या पाणबुडीची केस बघा. आयर्लंडपासून लांब अटलांटिकमध्ये टेलिफोन केबल पुरायचं काम चालू होतं, २९ ऑगस्टला ती वर आल्यावर ओढून घेताना मागच्या कप्प्याचं झाकण निघालं, पाणी भरलं आणि आतले रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन (दोघंही रॉजर!) थेट ४८० मीटर खाली. जेमतेम दोन मीटरचा गोळा, खायला एक सँडविच आणि प्यायला लेमोनेडचा एक कॅन. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं पडून राहायचं, कारण ऑक्सिजन पुरवायचा आणि त्याहून मोठी भीती कार्बन डायऑक्साइडची. वरून आलेल्या पाणबुड्यांचे पहिले प्रयत्न फसले, एकीत तर पाणीच शिरलं. शेवटी पायसीझ २ आणि अमेरिकन नेव्हीच्या कर्व्ह ३ या रोबोटने एकेक दोर अडकवला आणि १ सप्टेंबरला दोघांना वर काढलं, ७६ तासांनी!

आता टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेल्या टायटन पाणबुडीशी तुलना करताना एक लक्षात घ्या, ते अवशेष साधारण ३८०० मीटरवर आहेत म्हणजे आठपट खोल, आणि पायसीझवाल्यांशी निदान बोलणं तरी होत होतं. टायटनचा संपर्क १८ जून २०२३ लाच तुटला, आणि ९६ तासांच्या ऑक्सिजनचं काउंटडाऊन टीव्हीवर चाललं होतं तेव्हा ती कधीच चिरडली गेली होती, २२ तारखेला रोबोटला नुसते तुकडे सापडले.