होसूरचं अर्जंट भाडं लावावं का? स्वतःची पिकअप असणाऱ्यांनी सांगावं

कागलची पिकअप:

रामराम मंडळी. गाडी माझी स्वतःची आहे, २०१९ ची दीड टनी पिकअप. सेकंडहँड घेतली, महिन्याचा हप्ता १४,८०० आणि अजून २२ हप्ते बाकी. ड्रायव्हर मीच, क्लीनर नाही.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून अर्जंट कास्टिंग (फौंड्रीत ओतलेले लोखंडी भाग) उचलायचं आणि चाकण, रांजणगावला पोचवायचं, हेच काम आजवर केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौंड्रीचा माल एरवी मोठ्या गाडीनं जातो. पण तिकडं कंपनीची लाइन बंद पडायची वेळ आली की दोनशे ब्रॅकेटसाठी रात्री आठला फोन येतो, "सकाळी सहाला गेटवर पाहिजे." तिथं आमच्यासारख्याची गाडी लागते. चाकणला ८,५०० मिळतात. डिझेल, टोल, जेवण जाऊन २,८०० च्या आसपास राहतात, आणि परतीला काही मिळालं तर ते वेगळं.

आता गोकुळ शिरगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं बंगळुरूच्या पुढं, तमिळनाडूतल्या होसूरचं काम देऊ केलंय. आठवड्याला एक फेरी नक्की, कधी दोन. एका फेरीला १७,५०० रोख, जाण्यायेण्याचा सगळा खर्च माझा. आकडा ऐकून आधी बरं वाटलं. मग रात्री वही घेऊन बसलो.

कागल ते होसूर साधारण साडेसहाशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ११ देते, रिकामी १३. म्हणजे दोन्ही बाजूचं मिळून १०९ लिटर, ९,९०० रुपयांचं डिझेल. टोल २,६०० धरला. दोन दिवसांचं खाणं, चहा, अंघोळ ९००. उरले ४,१००. टायर आणि सर्व्हिसिंगला किलोमीटरमागं एक रुपया धरला तर १,३०० गेले, राहिले २,८००. पण या फेरीत तीन दिवस मोडतात. तीन दिवसांचा हप्ता १,४८०. विमा वर्षाला ३८,०००, त्याचे तीन दिवसांचे ३०० च्या वर. हातात जेमतेम हजार राहतात, आणि चाकणला एका दिवसात त्यापेक्षा जास्त राहतं.

ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "परतीचं भाडं बंगळुरूत सहज मिळतं, तुझं तू बघ." ते खरंच मिळतं का? माझ्याकडं परमिट फक्त महाराष्ट्राचं आहे. तमिळ येत नाही, कानडी कामापुरती. आई म्हणते एवढ्या लांब एकट्यानं जाऊ नको. पण हप्ता थांबत नाही, आणि सहापदरीकरणाच्या कामामुळं कागल ते साताऱ्यापर्यंत पुण्याच्या रस्त्यावर किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहेच. जाऊन आलेल्यांनी सांगा, माझ्या हिशोबात काय सुटलंय?

फौंड्री डिस्पॅच, शिरोली:

मी माल पाठवणाऱ्या बाजूला आहे, तेव्हा आतली गोष्ट सांगतो. हे अर्जंट भाडं गिऱ्हाईक कंपनी देत नाही. माल वेळेत गेला नाही ही चूक फौंड्रीची, त्यामुळं पैसे फौंड्रीच्या खिशातून जातात. आमचे मालक एरवी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात, पण त्या रात्री दुसरा इलाज नसतो. लाइन थांबली तर गिऱ्हाईक जो डेबिट लावतं, म्हणजे बिलातून नुकसान कापतं, त्यापुढं गाडीभाडं काहीच नाही.

होसूरच्या अर्जंट पिकअपची २४,००० ते २६,००० ची बिलं मी माझ्या सहीनं पास केली आहेत. तुम्हाला १७,५०० सांगत असतील तर मधला पैसा कुठं जातो ते समजून घ्या. त्यातला थोडा ट्रान्सपोर्टवाल्याचा हक्काचा आहे. तो आमच्याकडं साठ-सत्तर दिवस बिल अडकवून घेतो आणि तुम्हाला रोख देतो. पण सात-आठ हजार जास्तच होतात.

थेट आमच्यासारख्याकडं यायचं असेल तर एक अडचण आहे. आमच्या अकाउंटला बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टनं माल घेतल्याची पावती लागते. तुम्ही साधी गाडी भाड्यानं देता, बिल्टी फाडत नाही.

हिरेबागेवाडीमार्गे:

भावा, २२ वर्षं झाली या रस्त्यावर. आधी दुसऱ्याची आयशर, आता स्वतःची चौदा फुटी. तुझी वही बरोबर आहे. एवढं लिहून ठेवणारा पोरगा बघून बरं वाटलं, कारण मी पहिली सहा वर्षं नुसतं खिशात हात घालून किती उरले ते बघायचो.

तुझ्या हिशोबात पहिली सुटलेली गोष्ट म्हणजे परमिट. तुझ्या पिकअपचं एकूण वजन ३,००० किलोच्या वर जातं. त्याच्या आत असतं तर मालवाहू गाडीला परमिटच लागलं नसतं, छोटा हत्ती असाच चालतो. तुला नॅशनल परमिट काढावं लागणार. वर्षाची एकत्रित फी १६,५०० आणि ऑथरायझेशनचे १,०००, म्हणजे १७,५००. तुझी एक अख्खी फेरी त्यातच गेली. वर्षाला ४८ फेऱ्या झाल्या तर फेरीमागं ३६५ रुपये, ते सोसतं. दहाच झाल्या तर १,७५० रुपये, आणि मग तुझे उरलेले हजारही संपले. तुझी गाडी २०१९ ची आहे, बारा वर्षांपर्यंत हे परमिट मिळतं, त्यामुळं २०३१ पर्यंत ती काळजी नाही.

दुसरी गोष्ट परतीची. बंगळुरूत भाडं मिळतं, खोटं सांगत नाही. पण तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसलास की पहिल्यांदा काय देतात? "तुमकूरला टाक, हुबळीला टाक, तुझ्या वाटेवरच आहे." तो माल घ्यायचा नाही. नॅशनल परमिटवर परराज्यातल्या एका गावाहून त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावाला माल नेता येत नाही. कर्नाटकात भरलास तर महाराष्ट्रात नाहीतर दुसऱ्या राज्यात उतरला पाहिजे. हे मला सातव्या वर्षी कळलं, राणेबेन्नूरजवळ गाडी अडवली तेव्हा. म्हणजे तुला बंगळुरू ते कोल्हापूर, सांगली, पुणे असंच भाडं लागतं, आणि ते पिकअपच्या मापाचं रोज नसतं. मी दोन-दोन दिवस तिथं झोपलोय. दोन दिवस थांबून ६,००० मिळाले, तरी घरची दोन चाकणची भाडी गेलीच की.

टोलचंही बघ. चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलास तर दोन्ही वेळचं मिळून दीडपट लागतो. होसूरला जाऊन तू चोवीस तासांत सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला परत येऊच शकत नाहीस. पुरा दुप्पट भरणार. बंगळुरूत शिरायचं नाही म्हणून नाइस रोडनं तुमकूर रोडवरून होसूर रोडला निघालास तर तो टोल वेगळा, आणि तो जड आहे. तुझ्या २,६०० मध्ये तो धरलाय का?

आता ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. हे कान देऊन वाच, कारण सीमेपलीकडं गाडी अडकली की घरच्यासारखं कुणी धावत येत नाही. त्याची मुदत मोजताना आता दिवसाला २०० किलोमीटर धरतात. २०२१ च्या आधी १०० होते. साडेसहाशेला चार दिवस मिळतात, म्हणजे वेळ पुरतो. वेळेपेक्षा घोळ गाडीच्या नंबरात होतो. एकदा फौंड्रीतल्या पोरानं रात्री घाईत माझ्या नंबरातले दोन आकडे उलटे टाकले. चित्रदुर्गाच्या पुढं पहाटे चारला गाडी बाजूला घेतली. एक-दोन आकड्यांची चूक असेल तर १,००० रुपये दंड घेऊन सोडावं असं २०१८ चं परिपत्रक आहे. ते माझ्याकडं नव्हतं, मला ते माहीतही नव्हतं. पाच तास उभा होतो. माल सकाळच्या ऐवजी दुपारी पोचला आणि फौंड्रीनं माझ्या भाड्यातून ४,००० कापले. चूक त्यांची, पैसे माझे गेले. तेव्हापासून गेटमधून गाडी काढायच्या आधी मोबाइलवर ई-वे बिल उघडतो आणि नंबर प्लेटसमोर उभा राहून एकेक आकडा बोट ठेवून वाचतो. वॉचमन थांबलेला असतो, थांबू दे.

आणि गेटवरचा वेळ. तू सकाळी अकराला पोचशील, पण माल अर्जंट आहे हे फक्त पाठवणाऱ्याला माहीत असतं. तिथला स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो. मग क्वालिटीवाला येणार, मग पोच. मी सहा तास उभा राहिलोय, पोच मिळाल्याशिवाय बाकीचे पैसे नाहीत. तोंडी हो म्हणू नको. चार तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे किती ते व्हॉट्सॲपवर लिहून घे, गाडी भरायच्या आधी.

पावसाचं सांगायला नको, तू कागलचा आहेस. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीत वेदगंगा रस्त्यावर आली तेव्हा पलीकडं गेलेला पलीकडंच राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये निघताना वेदगंगेची पातळी बघून निघ. सीमाप्रश्न तापला की तोही विचार कर. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी नाक्यावर आपल्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, मी तेव्हा तिथून दहा किलोमीटरवर एका ढाब्यामागं गाडी लावून बसलो होतो. एरवी कानडी माणूस वाईट नाही. माझा टायर बदलायला रात्री दोनला उठलेला माणूस दावणगेरीचाच होता.

मग करायचं काय? माझं मत विचारशील तर सीमा ओलांड, पण एवढ्या लांब नको. बेळगाव धर. कागलहून शंभर किलोमीटरच्या आत. तिथं उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप आपल्यासारखीच आहेत, त्यामुळं माल दोन्ही बाजूंनी हलतो. इथलं कास्टिंग तिथं मशीनिंगला, तिथलं इथं. अर्जंट जाताना ३,६०० आणि येताना १,५०० मिळाले तरी डिझेल १,४५०, टोल दीडपटीनं चारशे-साडेचारशे, चहा-जेवण दोनशे. दिवसात ३,००० उरतात आणि रात्री घरी झोपतोस. भाषेची अडचण नाही. परमिट तेच लागतं, पण आठवड्याला तीन फेऱ्या झाल्या की त्याचा भार कळतसुद्धा नाही. होसूर कर, पण २३,००० च्या खाली नाही आणि परतीचं भाडं निघायच्या आधी नक्की असेल तरच.

पूर्वी निपाणीकडं डिझेल स्वस्त म्हणून टाकी तिकडं भरायचो. जून २०२४ आणि एप्रिल २०२५ ला कर्नाटकानं कर वाढवला, आता तो फायदा धरून हिशोब करू नको.

इचलकरंजीची वहिनी:

मी गाडी चालवत नाही, मिस्टरांच्या दोन गाड्यांचा जमाखर्च मी बघते. कागलच्या दादांना दोन-तीन गोष्टी सांगते.

बिल्टी न फाडता गाडीनं माल पोचवणाऱ्याच्या सेवेवर जीएसटी नाही. त्यामुळं नोंदणीच्या भीतीनं थेट काम सोडू नका. बिल्टीच हवी म्हणणाऱ्या कारखान्यासाठी ओळखीच्या ट्रान्सपोर्टची बिल्टी लावता येते, त्याचं कमिशन ठरवून घ्यायचं. आम्ही तसंच करतो.

टीडीएस कापतो म्हणाले तर दहा किंवा त्यापेक्षा कमी गाड्या असल्याचं लिहून द्यायचं आणि सोबत पॅन द्यायचा, मग कापता येत नाही. आमचे एका वर्षात ११,००० कापले गेले होते, कारण तो कागदच आम्ही दिला नव्हता. परतावा मिळाला, पण दहा महिन्यांनी. आयकरात बारा टनांच्या आतल्या गाडीला महिन्याला ७,५०० उत्पन्न धरून रिटर्न भरता येतं, वह्या ठेवायची सक्ती राहत नाही. तुम्ही मात्र वही बंद करू नका, तुमची वही फार चांगली आहे.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी आजच करा, फुकट होते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर ते पैसे देईपर्यंत कारखान्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. २०२४ पासून हे लागू झाल्यावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला फोन करून पैसे देणारे लोक भेटले. पूर्वी मिस्टर चार-चार चकरा मारायचे. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या.

परतीला इचलकरंजीचं सूत मिळतं का, असं कुणी विचारेल. सूत तमिळनाडूतून येतं हे खरं, पण ते मोठ्या गाड्यांतून. पिकअपला एखादी सॅम्पलची किंवा कमी पडलेल्या कोनची (सुताच्या गुंड्यांची) खेप मिळते. त्यावर हप्ता चालणार नाही.

कागलची पिकअप:

सगळ्यांचे मनापासून आभार. नाइस रोडचा टोल मी धरलाच नव्हता. परतीच्या मालाचा नियमही माहीत नव्हता, ट्रान्सपोर्टवाल्यानं तर "वाटेत दावणगेरीला टाकत ये" असंच सांगितलं होतं.

आज त्याला फोन केला. २३,००० आणि चार तासांनंतर तासाला २०० हॉल्टिंग सांगितलं. तो म्हणाला, १७,५०० ला जाणारे दहा जण उभे आहेत. मी म्हटलं जाऊ देत. फोन ठेवल्यावर तासभर जीव खालीवर होत होता, हप्त्याची तारीख १० आहे. रात्री साडेनऊला त्याचाच फोन आला, २१,००० देतो, हॉल्टिंग मान्य. परतीचं काही ठरल्याशिवाय येत नाही म्हणून सांगितलंय, अजून उत्तर नाही.

परमिटला सोमवारी अर्ज करतोय. वहिनी, उद्यम नोंदणी काल रात्रीच केली. डिस्पॅचवाले दादा, तुमच्याकडं ओळखीची बिल्टी चालेल का?

काका, बेळगावला उद्यमबागेत भाडं कुणाला विचारायचं? तिथं माझी ओळख नाही.

फौंड्री डिस्पॅच, शिरोली:

चालेल. फक्त ट्रान्सपोर्टचा जीएसटी नंबर आधी पाठवा, व्हेंडर कोड उघडायला, म्हणजे आमच्या खात्यात नाव चढायला आठ दिवस जातात.

हिरेबागेवाडीमार्गे:

कुणाला विचारू नको. गुरुवारी सकाळी साडेसातला कोगनोळी नाक्याच्या अलीकडं चहाला ये, माझ्याकडं बेळगावचा माल आहे. मागोमाग चल. तीन मशीनशॉपच्या डिस्पॅचवाल्यांना तुझी गाडी दाखवतो, पुढचं तू बोल. येताना परतीला दोरी आणि ताडपत्री जास्तीची घे, तिकडची क्रेट उघडी असते.