वांगावर लिंबू? नको!
ताई, तुम्ही वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, लिंबू-बेसन सुचवलंय. बेसन ठीक, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, डाग आणखी काळे पडतात. मी तसंच निंदणाला गेले होते, आठवडाभर गाल सोलत होते. इकडे चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. वांगाला दुपट्टा अन् सनस्क्रीन हेच खरं औषध.

टाचा फुटल्या असतील तर मोहाच्या बियांचं तेल घ्या. थंडीत तुपासारखं थिजतं, बोटावर घेऊन रात्री चोळायचं. वास उग्र, घरचे नाक मुरडतील! मुरुमं असतील तर मात्र हे तेल चेहऱ्याला नको, आठवड्यातून एकदा मुलतानी माती पुरे.