विषय: अर्धमॅरेथॉनमध्ये मंडळातील सोबतिणीबरोबर धावण्याविषयी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या अर्धमॅरेथॉनसाठी मी आणि आपल्या मंडळातील माझी एक मैत्रीण अशा दोघींनी नाव नोंदवले आहे. आमचा सराव बहुतांशी एकत्रच झाला. तिला किलोमीटरमागे साडेसहा मिनिटांचा वेग सहज जमतो, मला मात्र सात मिनिटांचा वेग मानवतो. शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर धावायची, असे आमचे ठरले आहे. परंतु माझ्यापायी तिची वेळ बिघडेल, हा विचार मला सतत बोचतो. ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी कृपया आपले मत कळवावे.

आपली एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

हा प्रश्न आपण शर्यतीआधी विचारलात, हे फार चांगले झाले. जोडीने धावणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा वेगातील फरकामुळे नव्हे, तर त्या फरकाचे काय करायचे हे आधी बोलून न ठेवल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

अर्धमॅरेथॉनचे अंतर 21.0975 किलोमीटर असते. साडेसहा मिनिटांच्या वेगाने ते सुमारे 2 तास 17 मिनिटांत पुरे होते, सात मिनिटांच्या वेगाने 2 तास 28 मिनिटांत. म्हणजे आपल्यासाठी थांबल्याने मैत्रिणीची जाणार ती साधारण अकरा मिनिटे. उलट आपण तिच्या वेगाने निघालात, तर नुकसान तेवढ्यावर भागणार नाही. झेपेल त्याहून जास्त वेगाने धावताना शरीर चरबीपेक्षा स्नायूंमधील साखरेच्या साठ्यावर, म्हणजे ग्लायकोजेनवर, अधिक विसंबते; तो साठा मर्यादित असल्यामुळे शर्यतीचा शेवटचा तिसरा भाग अतिशय कष्टाचा होतो आणि पुष्कळदा चालत काढावा लागतो. तेव्हा एकत्र धावायचेच असेल, तर वेग आपलाच असला पाहिजे. पावणेसात मिनिटांचा मधला वेग समजूतदारपणाचा वाटतो. पण त्यात आपली दमछाक टळत नाही आणि मैत्रिणीला तिची वेळही मिळत नाही.

वेग बरोबर आहे की नाही, हे घड्याळापेक्षा बोलण्यावरून लवकर कळते. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल, तर वेग पहिल्या टप्प्याला साजेसा आहे. मात्र बोलणारी बहुतेक वेळा वेगवान धावपटू असते आणि दुसरी नुसती हुंकार देत असते, म्हणून मैत्रिणीला सांगून ठेवा की तिने मधूनमधून सविस्तर उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न विचारावा, आणि उत्तर एका शब्दात आले की वेग उतरवावा.

सुरुवातीच्या गर्दीत आपल्या दोघींचे वेगानुसार निघण्याचे गट वेगळे पडले असतील, तर मैत्रिणीने मागच्या गटात यावे. पुढच्या गटात जाण्यास सहसा परवानगी नसते, मागे येण्यास बहुतेक ठिकाणी असते. चिपची, म्हणजे धावपटूजवळच्या वेळ नोंदवणाऱ्या छोट्या साधनाची, वेळ सुरुवातीच्या रेषेवरची चटई ओलांडल्यावरच मोजली जाते, त्यामुळे मागून निघाल्याने त्या वेळेचे नुकसान होत नाही. अरुंद वाटेवर एकीमागे एक धावावे. पाण्याच्या ठिकाणी पहिल्या टेबलापाशी न थांबता शेवटच्या टेबलाच्या पुढे भेटायचे ठरवावे, कारण त्या गर्दीतच जोड्या हमखास चुकतात.

सोबतीचा सर्वांत मोठा उपयोग सांगायचा तर तो वेळेशी संबंधित नाही. उष्माघात होऊ लागलेल्या धावपटूला स्वतःची अवस्था नेहमीच उमगते असे नाही. बोलणे असंबद्ध होणे, पाऊल लटपटणे, विनाकारण चिडणे ही लक्षणे शेजारी धावणाऱ्याला आधी दिसतात. अशा वेळी वाद न घालता थांबवावे, वैद्यकीय पथकाला बोलवावे आणि अंग थंड पाण्याने तातडीने गार करण्यास सुरुवात करावी. याच्या उलट टोकाचा धोका अती पाणी पिण्याचा आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी झालेले आढळले होते, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढण्याइतके द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण दिसून आले. संथ धावणारे अधिक वेळ रस्त्यावर असतात, त्यामुळे हा धोका आपल्याला अधिक. तहान लागेल तसे प्यावे. मैत्रीण पिते म्हणून प्रत्येक ठिकाणी पेला उचलू नये.

माझी सूचना अशी, की सोळाव्या किलोमीटरपर्यंत आपल्या वेगाने दोघींनी बरोबर धावावे आणि त्यानंतर प्रकृती उत्तम असेल तर मैत्रिणीने मोकळेपणाने पुढे जावे.

आपला एक जुना सभासद

*

सर्वांस नमस्कार.

वरील पत्रातील आरोग्याविषयीचा मजकूर प्रत्येकाने जपून ठेवावा असा आहे. परंतु सोळाव्या किलोमीटरवर वेगळे होण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. अर्धमॅरेथॉनमध्ये खरी सोबत लागते ती सोळाव्या किलोमीटरनंतर. तिथवर प्रेक्षक असतात, उत्साह असतो, पायात ताकद असते. पुढे रस्ता ओस पडतो आणि थांबावेसे वाटू लागते. नेमकी तेव्हाच सोबतीण निघून गेली, तर मागे राहणारीला आधीपासून एकटी धावण्यापेक्षाही ते जड जाते.

म्हणून माझ्या मते दोनच पर्याय प्रामाणिक आहेत. मैत्रिणीला या शर्यतीत स्वतःची वेळ साधायची असेल, तर दोघींनी सुरुवातीलाच एकमेकींना शुभेच्छा देऊन आपापल्या गटात उभे राहावे. किंवा तिने ही शर्यत सोबतीसाठी धावायची असे मनाशी पक्के करावे आणि मग शेवटच्या रेषेपर्यंत घड्याळ विसरावे. 1967 मध्ये धावपटू कॅथरीन स्वित्झर तेव्हा पुरुषांचीच मानली जाणारी बॉस्टन मॅरेथॉन 261 क्रमांक लावून धावल्या, तेव्हा एका अधिकाऱ्याने तो क्रमांक खेचून घेण्याचा प्रयत्न केला, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यांचे प्रशिक्षक आर्नी ब्रिग्ज त्या दिवशी त्यांच्याबरोबर धावत होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्त्रीला हे अंतर झेपणार नाही, असे ब्रिग्ज यांचे आधीचे मत होते आणि सरावात पूर्ण अंतर धावून दाखवण्याची अट त्यांनी घातली होती. स्वित्झर यांनी ते अंतर पार करून वर आणखी 5 मैल धावून दाखवले, आणि मग शर्यतीसाठी नाव नोंदवावे म्हणून ब्रिग्ज यांनीच आग्रह धरला. सोबतीला येणाऱ्याने आधी असा निर्णय घेतलेला असावा लागतो.

ताई, आणखी एक सांगते. आपल्यामुळे तिची वेळ बिघडेल, हे आपण गृहीत धरले आहे. तिला विचारल्याचे आपल्या पत्रात कुठे दिसत नाही. तिला सरळ विचारा.

आपली एक सभासद

*

दोघांचेही मनःपूर्वक आभार.

काल सायंकाळी सरावानंतर मी तिला विचारले. या वर्षी तिला वेळ नोंदवायची नाही. तिचे लक्ष पुढच्या हंगामातील शर्यतीवर आहे आणि ही अर्धमॅरेथॉन तिला लांब पल्ल्याचा सराव म्हणूनच धावायची आहे. तेव्हा शेवटपर्यंत बरोबर राहायचे, वेग सात मिनिटांचा ठेवायचा आणि ती माझ्या गटातून निघणार, असे आता नीट बोलून ठरले आहे. दोघींपैकी कोणी दुसरीला थांबायला सांगितले, तर कारण न विचारता थांबायचे, हेही ठरवले आहे. पाण्याची ठिकाणे नकाशावर पाहून भेटण्याच्या जागा या आठवड्यात निश्चित करू.

मंडळातील आणखी कोणी याच शर्यतीत सात मिनिटांच्या आसपास धावणार असेल, तर त्यांनी याच पत्रास उत्तर द्यावे. रविवारच्या सरावाला त्यांना आमच्याबरोबर येता येईल.

आपली एक सभासद