मालगुडीच्या वाटेवर: आगुंबे आणि अरसाळू दोन दिवसांत

आर. के. नारायण यांच्या कथांतलं मालगुडी हे काल्पनिक गाव दिग्दर्शक शंकर नाग यांनी १९८६ मध्ये ‘मालगुडी डेज’ या मालिकेतून दूरदर्शनवर आणलं. त्याचं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबे गावात झालं. मालिकेतल्या स्वामी या मुलाचं घर म्हणून दिसलेला दोड्डमने हा वाडा तिथे आजही नांदता आहे. मालगुडीचं स्टेशन म्हणून दिसलेलं अरसाळूही आहे. दोन्ही ठिकाणं शिवमोग्गा जिल्ह्यातली. चार-सहा जणांनी शनिवार-रविवार गाठून करण्याजोगी ही सहल आहे, पण आखणी चुकली तर निम्मा वेळ गाडीतच जातो.  म्हणून हे प्रवासवर्णन नाही, पुढच्या शनिवारी निघणाऱ्याच्या कामाला येईल असं नेमकं लिहिलं आहे.

मार्ग आणि वेळ

लोक पहिली चूक करतात ती इथेच. आगुंबे आणि अरसाळू शेजारी शेजारी आहेत असं समजून निघतात. मध्ये तीर्थहळ्ळी आणि रिप्पनपेट लागतं, रस्ता वळणांचा आहे, एका बाजूला अडीच तास धरा.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी उडुपीला उतरावं. मुंबईहून शुक्रवारी दुपारी सुटणारी मत्स्यगंधा शनिवारी सकाळी तिथे पोचवते. उडुपी ते आगुंबे साधारण ५५ किमी, हेब्री आणि सोमेश्वरवरून. आता महत्त्वाचं: शनिवारी आगुंब्यात रेंगाळू नका. सरळ पुढे अरसाळू गाठा आणि संध्याकाळी मुक्कामाला आगुंब्याला परत या. लांबचं ठिकाण आधी उरकलं की रविवारची सकाळ निवांत गावात घालवता येते आणि दुपारी फक्त घाट उतरायचा राहतो. उलट क्रम लावला तर रविवारी अरसाळूहून उडुपीपर्यंत चार तास पळापळ होते आणि परतीची गाडी चुकण्याची धास्ती राहते.

बेंगळुरूकडून येणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. रात्रीच्या गाडीने शिवमोग्गा, तिथून अरसाळू, मग आगुंबे, शेवटी उडुपी. एकाच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही.

दोड्डमने

कन्नडमध्ये दोड्ड म्हणजे मोठं आणि मने म्हणजे घर. स्वामीचं घर म्हणून दिसलेला हा शंभरहून जास्त वर्षांचा मलनाडी, म्हणजे कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाड भागातल्या पद्धतीचा, वाडा आहे: मधोमध चौक, भोवती कोरीव लाकडी खांब, वर उतरती कौलं. खांब आणि चौक पाहिल्यावर मालिकेतली दृश्यं आपोआप जुळायला लागतात.

पण तिथे कुटुंब राहतं. हे वाक्य गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा. तिकीट काढून बघायची ही वास्तू नव्हे. पाहुण्यांना जेवू घालण्याची या घराची रीत आहे, ठरावीक दरपत्रक नाही, आपण समजून द्यायचं. म्हणूनच आधी कळवणं आणि माणसांचा नेमका आकडा सांगणं गरजेचं. सहा सांगून नऊ जण गेलात तर वरच्या तिघांचा स्वयंपाक कुणाला तरी ऐन वेळी करावा लागतो. चपला बाहेर. खोल्यांत शिरण्याआधी विचारा. फोटोसाठी ‘फोटो तेगीबहुदा?’ एवढं कन्नड पुरतं. चौकात मोबाइलवर शीर्षकसंगीत मोठ्याने लावून रील करण्याचा मोह होतो, तो आवरा. एल. वैद्यनाथन यांची ती धून सगळ्यांनाच प्रिय आहे, पण त्या घरातल्यांना ती दिवसातून किती वेळा ऐकावी लागत असेल याचा विचार करा.

मलनाडी घर सावकाश, प्रत्येक मजला चढून पाहायचं असेल तर तीर्थहळ्ळीजवळ कुप्पळीला कन्नड कवी कुवेंपूंचं घर आहे. ते संग्रहालय आहे, तिथे कुणाचा खोळंबा होत नाही.

मालिकेतली चौकट जुळवायची असेल तर

म्हणजे मालिकेतल्या दृश्यासारखाच फोटो त्याच जागेवरून घ्यायचा असेल तर घरीच तयारी करा. भाग पाहताना थांबवून चित्र साठवा आणि नावात भाग, मिनिट, सेकंद लिहा, नाहीतर तिथे शंभर चित्रांत हवं ते सापडत नाही. पंधरा पुरेत. माणसांच्या चेहऱ्यांची नकोत. खांब, पायऱ्या, कौलांची कड, रस्त्याचं वळण अशा न हलणाऱ्या गोष्टी असलेली निवडा. सगळं मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, तिथल्या रेंजवर विसंबू नका.

मालिका चार बाय तीनच्या चौकटीत आहे. मोबाइलचा कॅमेराही त्याच प्रमाणात ठेवा, म्हणजे कडा जुळतात.

जागा शोधताना झूमला हात लावू नका. आधी चित्रातली एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा, उदाहरणार्थ पुढचा खांब आणि मागचं दार. खांब दाराच्या ज्या भागावर येतो तसाच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग दोन्हींचा एकमेकांशी आकार जुळेपर्यंत पुढे-मागे व्हा. शेवटी झूम. उभं राहण्याची जागा चुकली तर झूमने ती भरून निघत नाही, कारण झूम फक्त कडा कापतो, वस्तूंमधलं नातं बदलत नाही. उंचीकडेही लक्ष द्या. पुष्कळ दृश्यं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून आहेत असं वाटलं तर गुडघ्यावर बसून पाहा, अनेकदा तिथेच जुळतं.

सावली कुठल्या बाजूला पडते ते चित्रात आधी बघून ठेवा. त्यावरून सकाळी जायचं की दुपारी हे ठरतं.

अरसाळू

इथे रूळ जुळवत बसू नका, जुळणार नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी ही मीटरगेज लाइन होती, म्हणजे रुळांत १००० मिमी अंतर. आता १६७६ मिमीची ब्रॉडगेज आहे. जुळते ती स्टेशनची जुनी इमारत. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांच्या हातून तिचं रूप परत आणलं गेलं आणि २०२० मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय सुरू झालं. तासभर पुरतो. शिवमोग्ग्याहून तालगुप्प्याकडे जाणारी प्रत्येक गाडी इथे थांबेलच असं नाही, थांबा बघूनच तिकीट काढा.

घाट, पाऊस, जळवा

आगुंबे घाटात १४ अवघड वळणं आहेत. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर सैल पडतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर हवा, वरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. जड वाहनांवर इथे निर्बंध असतात आणि पावसात दरडीमुळे घाट बंदही होतो, म्हणून मोठी बस ठरवू नका.

आगुंब्यात वर्षाला सात हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. हिरवं मालगुडी हवं तर पावसाचा जोर ओसरल्यावर जा. घाटमाथ्यावरून सूर्यास्त पाहायचा तर नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा हवा स्वच्छ असली तर अरबी समुद्रही दिसतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जळवा असतात. पँटचे पाय मोज्यांत खोचा. जळू चिकटली तर ओढू नका, तिच्या बारीक तोंडाखालून नख सरकवून सोडवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे जखम बराच वेळ वाहते. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. पोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करून काचा उघडा.

एक छोटी भर

रोख पैसे सुट्ट्यांसह न्या, रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. अंधारात टॉर्चशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू नका, हा नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा, मुलूख आहे. ड्रोन घरीच ठेवा. घाटाला लागूनच सोमेश्वर अभयारण्य आहे आणि परवानगीशिवाय तिथे तो उडवता येत नाही.