समोरासमोर न बसता होतात त्या ‘वाटाघाटी’ का?

पाटीपेन्सिल: सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परत नेण्याविषयीच्या जिनिव्हा करारावरचा लेख मराठीत आणतेय. पाकिस्तानची काबूलच्या सरकारला मान्यता नव्हती, म्हणून १९८२ पासून दोन्ही शिष्टमंडळं कधी समोरासमोर बसलीच नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ दिएगो कोर्दोवेझ एकीकडचं म्हणणं दुसरीकडे नेत. १४ एप्रिल १९८८ ला सह्या झाल्या. दोन्ही पक्ष जवळपासच, पण वेगळ्या खोल्यांत, अशा बोलण्यांना ‘प्रॉक्सिमिटी टॉक्स’ म्हणतात. मी ‘वाटाघाटी’ लिहिलं. संपादकांनी खोडलं, म्हणाले त्या समोरासमोरच होतात.

जुनी वही: ही अट शब्दात कुठे आहे? १७८२ चा मराठे-इंग्रजांमधला साल्बईचा तह घ्या. नाना फडणीस पुण्यात, हेस्टिंग्ज बंगालमध्ये, बोलणं झालं ते महादजींच्या छावणीत. नानांची मंजुरी तर कित्येक महिन्यांनी आली. त्याही वाटाघाटीच.

कोकणकडा: ‘शिष्टाई’ असताना अडलंय कुठे?

पाटीपेन्सिल: कृष्ण पाच गावं मागायला गेला तो पांडवांचा म्हणून. कोर्दोवेझ कुणाच्याच बाजूचे नव्हते.

माळरान: आमचे आजोबा बैलबाजारात दलाली करायचे. रुमालाखाली आधी विकणाऱ्याची बोटं धरायची, मग घेणाऱ्याची. आकडा फक्त दलालाला ठाऊक. दोघं हाताच्या अंतरावर उभे, पण एकमेकांशी अवाक्षर नाही. तुमचं जिनिव्हा हेच आहे. त्याला आम्ही ‘सौदा’ म्हणायचो.

कोकणकडा: युद्ध थांबवण्याला सौदा? लाखो माणसं घरदार सोडून पेशावरकडे गेली होती हो. ‘समीपवार्ता’ करा.

जुनी वही: समीपवार्ता म्हटलं की मने जवळ आल्यासारखी वाटतात. इथे तर भिंत मधे होती. असे घडवलेले शब्द सरकारी फायलीतच राहतात. साधं ‘मध्यस्थामार्फत बोलणी’ लिहा.

माळरान: बोलणी तर लग्नाची. किंवा खायची.

जुनी वही: लग्नाची बोलणीसुद्धा मधल्या माणसामार्फतच सुरू होतात की! माझ्या आत्याच्या वेळी दोन्ही घरं तीन महिने एकमेकांच्या दारात गेली नव्हती.

कोकणकडा: मूळ शब्द ‘वाटाघाट’, एकवचनी. वाट आणि घाट, म्हणजे चढउताराचा रस्ता असावा. 

माळरान: मला ते वाटणं आणि घाटणं वाटतं. आई अजून ‘वरण घाटून घे’ म्हणते. डाळ एकजीव होईपर्यंत रवी फिरवायची.

कोकणकडा: याला आधार काय?

माळरान: तुमच्या घाटाला काय आहे?

पाटीपेन्सिल: लेख उद्या द्यायचाय. तूर्त ‘मध्यस्थामार्फत वाटाघाटी’ ठेवते. ते ‘मध्यस्थामार्फत’ दर ओळीत खुपतंय, पण गाळलं तर भिंत दिसत नाही.

जुनी वही: वरण घाटणं आमच्या नांदेडकडेही आहे. कोकणात काय म्हणतात?