मुलीला एअर फोर्स पायलट व्हायचंय, मुलुंड-ठाण्यात एनडीएचा क्लास सुचवा

मुलुंडची_आई: लेक दहावीत आहे. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फायटर पायलट व्हायचं खूळ डोक्यात घेतलंय. शनिवार-रविवारचा क्लास हवा. बजेट ४० हजार, त्यावर एक रुपया नाही. दादरच्या पलीकडे नको.

पार्लेकर_काका: ४० हजारांत काय होतंय हल्ली? भाच्याला पुण्यात निवासी क्लास लावला, दीड लाख मोजले. आज खडकवासल्याला एनडीएत आहे! लावायचा तर तसाच लावा. (तो आर्मीत जाणार, पण परीक्षा एकच.)

रोखठोक_डोंबिवली: दीड लाख आम्हीही मोजले. गणिताचे सर दिवाळीतच सोडून गेले, पुढे नुसत्या झेरॉक्स. वर मुलाखतीसाठी म्हणून ब्लेझर घ्यायला लावला. तो तसाच कपाटात आहे, साइज ३८, कोणाला हवा तर सांगा.

माजी_वायुसैनिक: ताई, क्लासचं नंतर बघा, आधी डोळे तपासून घ्या. मायनस नंबर निघाला की फ्लाइंग संपलं. उंचीही साधारण १६३ सेंमी लागते, पायांची लांबी वेगळी मोजतात. हे सगळं फुकटात आत्ताच कळतं. अकरावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच.

चष्मिष: लेसर करून घ्यायचं की. माझं झालंय, दुसऱ्या दिवशी ऑफिसला.

माजी_वायुसैनिक: ऑफिसला चालतं हो. विशीच्या आधी केलेलं लेसर इथे चालत नाही, आणि एनडीएत पोरं साडेसोळा ते साडेएकोणीसची असतात. करा हिशोब.

पार्लेकर_काका: भाच्याला चष्मा आहे, तरी झालं.

माजी_वायुसैनिक: काका, तो आर्मीत.

कॅप्टन_होणार: एवढा त्रास कशाला? कमर्शियल पायलटचं लायसन्स काढा. ५०-६० लाख जातील, पण नंतर पगार बघा.

रोखठोक_डोंबिवली: बाई ४० हजार म्हणाल्यात. तुम्ही फ्लॅट विकायला सांगताय.

नाशिककर: क्लास कशाला लावताय, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे ना! मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून, मुलींची आता नाशिकला. दहावीनंतर प्रवेश परीक्षा, मग अकरावी-बारावी तिथेच राहून तयारी. दहावी चालू असतानाच फॉर्म निघतो, लक्ष ठेवा.

एएफकॅटवाली: कडू बोलते. एनडीएत एअर फोर्स फ्लाइंगच्या ९२ जागांत मुलींना सध्या फक्त २. मी पदवीनंतर एएफकॅट (एअर फोर्सची स्वतःची प्रवेश परीक्षा) दिली, तिथे वय २० ते २४. फ्लाइंगसाठी सीपीएसएस नावाची कॉम्प्युटरवरची चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. जॉयस्टिक आणि पायाखालची पेडल एकाच वेळी सांभाळायची, वर कानात सूचना चालूच. त्यात नापास झालं की एअर फोर्स पायलटचा रस्ता बंद, पुन्हा संधी नाही. मी तिथेच अडकले. आता ग्राउंड ड्यूटीत आहे, मजेत.

पार्लेकर_काका: म्हणूनच निवासी क्लास हवा.

एएफकॅटवाली: त्या चाचणीचा क्लासशी काही संबंध नाही, काका. एनडीएच्या लेखीला मात्र गणित ३०० आणि जीएटी (सामान्य क्षमता चाचणी) ६०० मार्कांचं, चुकलं की एक तृतीयांश कापतात. एनसीईआरटीची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, दोन हजारांत होतं. पुढे एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, आणखी ९००.

नाशिककर: मी नाशिकचं सांगितलं ते कोणी वाचलं का?

मुलुंडची_आई: सगळ्यांचे आभार, खूप माहिती मिळाली. नाशिकला एवढ्या लहान वयात पाठवायला मन धजत नाही. शेवटी ठाण्याला स्टेशनजवळ क्लास लावला, ६५ हजार. तिची मैत्रीणही तिथेच जाते, येताना सोबत होईल. अर्धी फी भरली. डोळे दिवाळीनंतर तपासू, सध्या सहामाही आहे.

माजी_वायुसैनिक: दिवाळीनंतर?? ताई, मुलुंडला स्टेशनसमोर चष्म्याची चार दुकानं आहेत. संध्याकाळी भाजी आणायला जाल तेव्हा तिला घेऊन जा.

रोखठोक_डोंबिवली: आणि उरलेली अर्धी फी तोवर भरू नका. ब्लेझर आहेच.