अजिंठ्याच्या पद्धतीनं मातीवर पद्मपाणी काढायचाय, गिलावा फुटतोय

लेणीवाट (जालना)
जय भीम. विहारासाठी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, काढायचाय. दोन बाय तीन फूट, लाकडी चौकटीत ठोकलेल्या तट्ट्यावर, मातीच्या गिलाव्यावरच. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, रोज तासभर, न बोलता, साधना म्हणून. शेतातल्या मातीचा नमुना केला तर दुसऱ्याच दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. माती कुठली, थर किती, रंगात काय मिसळायचं? शिवाय एक जण विचारतोय, सुरुवातीला बुद्धाची मूर्तीच नव्हती, मग चित्रातून कसली जागृती?

माळवद
शेतातली म्हणजे काळीच ना? तिथंच फसलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडतात त्याच भेगा तट्ट्यावर आल्या.

धाब्यावर घालतात ती पांढरी माती घ्या, किंवा मुरमाड तांबडी. गावठाणातल्या जुन्या पांढरीत खार फार असतो. थोडी भिजवून वाळवून बघा, वर पांढरी लव आली तर ती नको. पुढं लोणा लागून रंग सुटतो.

चाळलेली माती दोन घमेली, जाड वाळू एक, गव्हाचा भुसा एक, अंबाडीचा वाख (तंतू) बोटभर तुकडे करून दोन मुठी. आठ-दहा दिवस झाकून भिजत ठेवा, रोज तुडवा. मग भाकरीएवढी टिकी थापून सावलीत वाळवा. तडकली तर वाळू वाढवा, चोळल्यावर भुगा झाला तर कमी करा. टिकी जमल्याशिवाय तट्ट्याला हात लावू नका.

पहिला थर दीड सेंटिमीटर, बोटांनी तट्ट्याच्या विणीत दाबून बसवलेला, वरून खरबरीत. अजिंठ्यात छिन्नीचे घाव तसेच ठेवले होते, गिलावा धरावा म्हणून. तेच काम इथं वीण करते. तो पूर्ण वाळला की पाणी शिंपडून बारीक चाळलेल्या मातीचा तीन-चार मिलिमीटरचा दुसरा थर. ओलेपणी चौकट पंचवीस किलोच्या आसपास जाईल, तेव्हा मागून दोन आडव्या पट्ट्या हव्यातच.

गेरू_काजळ
मातीवर थेट रंग नाही. पानाला लावतात तो चुना फडक्यातून गाळून ताकाएवढा पातळ करा आणि दोन हात द्या. जाड लावला तर पापुद्रे सुटतात. सुकत आला की गुळगुळीत गोट्यानं घासा. डोळे सांभाळा, चुना वाईट.

अजिंठ्याचं काम ओल्या चुन्यावरचं नाही, वाळलेल्या थरावर चिकट द्रव्यात रंग कालवून केलेलं आहे. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी तीन भाग, रात्रभर भिजवून गाळा. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब. खललेल्या रंगाच्या चार चमच्यांना हे पाणी एक चमचा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला; चकाकून सोलपटं निघाली तर जास्त झाला.

गेरू, पिवळी माती, काजळ, चुना, हिरवी माती एवढे रंग पुरतात. गेरू पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाचे खडे टाका, ओतलेल्या पाण्यात बसेल तोच रंग. निळ्याला तिथं लाजवर्दी दगड होता. आपल्याला पूड नीळ चालते, कपड्यांची पातळ नीळ नाही.

आधी गेरूची रेघ, मग सपाट रंग, मग छटा, शेवटी गडद रेघ. डिंक पाण्यानं पुन्हा विरघळतो. दुसरा हात देताना घासलं की खालचा रंग उठलाच.

वर वार्निश मुळीच नको. अजिंठ्यात 1920 ते 1922 दरम्यान निजामाच्या राज्यानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. तो पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना काढत बसावं लागलं.

लेणीवाट (जालना)
पण पावसाळ्यात गिलावा वाळेल का?

माळवद
गिलावा आषाढी पौर्णिमेच्या आत उरका. वैशाखातल्या उन्हात नाही, झपाट्यानं वाळतो आणि चांगली मातीही फुटते. सावलीत, पहिले तीन दिवस वर ओलं पोतं. पावसात केलाच तर पहिल्या थराला दहा-बारा दिवस द्या आणि पंखा लावू नका.

नववं_लेणं
चित्रातून कसली जागृती, त्या प्रश्नाबद्दल. मूर्तीचं म्हणणं बरोबर आहे. नऊ आणि दहा नंबरची लेणी ही अजिंठ्याची जुनी चैत्यगृहं, म्हणजे पूजेची दालनं, तिथं पूजेला नुसता स्तूप. स्तूपावर कोरलेला बुद्ध एकोणीस आणि सव्वीसमध्ये, काही शतकांनी येतो. पण पद्मपाणीला नवस बोलायचा नाहीये. गाभाऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं की तो डाव्या हाताला. भोवती माकडं, मोर, सेवक, नुसती गजबज. तो एकटा निश्चल, हातात निळं कमळ, नजर खाली. एवढ्या गर्दीत हे शांत कसं राहिलं, ते हातानं शोधायचं. माझ्या मते तुमचा तासभर त्यासाठीच आहे.

पाटीवर पाण्यानं भुवई काढा. हात खांद्यातून हलवा, मनगटातून नाही, आणि श्वास सोडत जा. मध्ये थांबलात की तिथं गाठ दिसते. रेघ मिनिटात वाळून जाते, मग पुन्हा काढा. महिनाभर एवढंच केलंत तरी वेळ वाया गेला नाही. चित्रसूत्रात, म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागात, छटेचे तीन प्रकार सांगितलेत: पत्रज, ऐरिक, बिंदुज. गालाला बिंदुज घ्या, टिंबं टिंबं देत. घाई झाली की टिंबांच्या रेघा व्हायला लागतात. तिथं कुंचला ठेवून उठा.

डोळे सगळ्यात शेवटी. वरची पापणी बुबुळाच्या निम्म्याखाली आणा. बुबुळ पूर्ण दिसलं की पद्मपाणी दचकल्यासारखा दिसतो, आणि मग चुना खरवडून तेवढा भाग परत करावा लागतो.